तोवर चालेल

"मान हलव."

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोरानं हे दोन शब्द ऐकलेत. ज्यांना मराठीचं अक्षर कळत नाही, त्यांनीसुद्धा. सायकल घेऊन पोर बाहेर पडलं की काका गॅरेजसमोरच्या घडीच्या खुर्चीतून उठायचे, हात आडवा घालायचे, हेल्मेटवर बोटांच्या पेरांनी टकटक करायचे आणि फर्मान सोडायचे. "मान हलव. डोक्याबरोबर टोपी हलली पाहिजे. डोकं एकीकडे अन् टोपी भलतीकडे, असलं नको मला." पोर मुकाट्यानं मान हलवायचं. पट्टा ढिला असला की मग सुटका नाही.

अमेरिकेत ईडन प्रेरीतली ही आमची गल्ली म्हणजे पुढं बंद होणारा रस्ता आणि नऊ घरं. काका शेजारच्या घरात मुलाकडे राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेत बावीस वर्षं स्टोअर सांभाळलेले. बूट, पट्टे, कांबळी, हेल्मेटं, सगळं मापात द्यायचं हे त्यांचं काम. असा एखादा म्हातारा तुम्हीही बघितला असेल, नोकरी सुटली तरी ज्याची ड्यूटी सुटत नाही. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मिरवणुकीत यांनी लेझीमवाल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करून फेटे तपासले. मिरवणूक अर्धा तास खोळंबली. अध्यक्षांनाही मान हलवायला लावली, आणि त्यांचा फेटा सुटून खाली आला.

खरं सांगतो, मला सुरुवातीला त्यांचा रागच यायचा. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा माझी मुलगी सई अकरा वर्षांची होती. पहिल्याच रविवारी त्यांनी तिला अडवून दहा मिनिटं पट्ट्याशी खटपट केली. मी वैतागून म्हटलं, "काका, चालेल हो. कोपऱ्यापर्यंतच तर जातेय."

ते माझ्याकडे वळले. "साहेब, तो शब्द माझ्यासमोर काढू नका."

भारीच आहे म्हातारा, असं मनात म्हणून मी घरात निघून आलो. आता तो शब्द काढायचा नाही तर मी बोलायचं काय? माझा सगळा संसार त्याच शब्दावर चाललाय. ऑफिसात बग सापडला की मी म्हणतो, सध्या चालेल, पुढच्या रिलीजला बघू. नळ गळतोय, चालेल. कचऱ्याचा डबा गुरुवारी सकाळी रस्त्यावर ठेवायचा असतो, तेही मी विसरायचो. काका स्वतःचा डबा ओढून झाला की आमचाही ओढून ठेवायचे. कधी बोलून दाखवलं नाही.

सई एकोणिसाव्या वर्षी इथल्या फौजेच्या राखीव तुकडीत भरती झाली. आम्हाला सांगितलं ते सही करून आल्यावर. घरात नुसता आगडोंब. बायकोनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, पुण्याहून फोनवर फोन, "काय कमी पडलं होतं गं तिला?" मी तोंडाला येईल ते बोललो. सईचं एकच, "बाबा, इट्स माय डिसिजन." काकांनी तिला शाबासकी दिली नाही की रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "टोपी कितीची दिली?"

पुढच्याच वर्षी तिच्या तुकडीला परदेशी जायचा हुकूम आला. कुठं, ते सांगायचं नसतं म्हणे. निघायच्या आधी चार दिवस ती घरी आली, माणूस मावेल एवढी मोठी हिरवी बॅग घेऊन. तासाभरात काका हजर. खिशात शिंप्याचा कापडी टेप.

त्यांनी तिच्या भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागं डोकं जिथं सगळ्यात फुगतं तिथून टेप फिरवला. मग तिच्या बॅगेतलं हेल्मेट उलटं करून आतल्या गाद्या दाबून बघितल्या. "मोठी आहे. ही लार्ज आहे. तुला मीडियम पाहिजे."

"काका, माप घेतलं तेव्हा माझा केसांचा बन होता, वर बांधलेला. म्हणून लार्ज आली."

"आणि कामावर काय घालतेस?"

"खाली वेणी."

"मग वेणी घाल अन् टोपी चढव. पट्टा लाव. आता पालथी पड. बंदूक धरल्यासारखी."

सई हसत कार्पेटवर पालथी पडली, कोपरं टेकली आणि समोर बघायला मान वर केली. हेल्मेट पुढं सरकून थेट तिच्या नाकावर आलं.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

"कार्पेट," ती म्हणाली, आणि मला हसू आलं. काकांना नाही आलं.

सई उठून बसली. "इट्स फाइन, काका. मीडियम आउट ऑफ स्टॉक आहेत. तिकडे गेल्यावर देणार आहेत. एव्हरीबडी ॲडजस्ट्स."

"काय म्हणते?" काकांनी मला विचारलं.

"तोवर चालेल म्हणतेय," मी सहज बोलून गेलो.

काका सोफ्यावर बसले. बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिले. मग जे सांगितलं, ते त्यांच्या मुलालाही माहीत नव्हतं.

त्यांच्या स्टोअरला एक पोरगा आला होता, त्यांच्याच तालुक्यातला. एकोणीस वर्षांचा, डोकं लहान. मीडियम संपली होती, पेटी यायची होती. "मी त्याला लार्ज दिली. म्हटलं, आत फडकं घाल लेका. आठ दिवसांत येतेय पेटी. तोवर चालेल." चौथ्या दिवशी चौकीवर गोळे पडले. पोरानं जमिनीवर झेप घेतली तशी टोपी निघून पुढं गडगडत गेली. डोक्याला मागून छर्रा लागला. "डॉक्टर म्हणाला, टोपी असती तरी सांगता येत नाही. तो बोलणारच तसं. पेटी सहाव्या दिवशी आली."

पोराचं सामान घरी पोचवायला काकांनाच पाठवलं, गाववाले म्हणून. त्याच्या आईनं एकच विचारलं, "टोपी होती का वो त्याच्या डोक्याव?"

"मी म्हटलं, होती. खोटं नव्हतं ते. दिलीच होती मी." एवढं बोलून ते सईकडे वळले. "उद्या तुमच्या स्टोअरला जा. मीडियम घेतल्याशिवाय हलू नकोस. रागावले तर रागावू देत."

दुसऱ्या दिवशी दीड तास ड्राइव्ह करून आम्ही तिला घेऊन गेलो. काका हट्टानं सोबत आले. सई आत गेली. आम्ही दोघं दोन तास पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. शेवटी ती बाहेर आली, लाल डोळ्यांनी, हातात मीडियम. आतल्या माणसानं तिला सगळ्यांसमोर झापलं होतं, पण कुठल्यातरी कपाटातून एक शोधून दिलं होतं.

काकांनी तिथंच, गाडीच्या बॉनेटवर, गाद्या काढून पुन्हा लावल्या, आधी टाळूची, मग कडेच्या. हेल्मेट चढवलं. पुढची कड आणि भुवई यांच्यात बोट घालून पाहिलं. पट्टे दोन्हीकडून सारखे ओढले. मग दोन्ही हातांत हेल्मेट धरून हळूच डावीउजवीकडे फिरवलं. हेल्मेटबरोबर सईच्या कपाळाची कातडी सरकली.

"हां. आता बसली. मान हलव."

तिनं हलवली. तिथल्या डांबरावर पालथीही पडली, न सांगता. हेल्मेट तसूभर हललं नाही. काकांनी वरून टकटक केलं आणि म्हणाले, "जा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी गाडीचा आरसा पुसत बसलो.

सई ऑक्टोबरमध्ये गेली. दर रविवारी फोन यायचा, आणि पोरगी आईच्या आधी काकांची चौकशी करायची.

जानेवारीत काकांचा मुलगा आणि सून विमानानं पार्सिपनीला गेले, सुनेच्या बहिणीचं डोहाळजेवण होतं. काकांचे गुडघे दुखत होते म्हणून ते राहिले. मुलगा मला म्हणाला, "जरा लक्ष ठेवाल ना? बर्फ पडला तर तेवढं ड्राइव्हवे साफ करून मीठ टाकाल?" मी म्हटलं, अरे हे काय सांगणं झालं?

बुधवारी दुपारी बर्फ वितळला आणि संध्याकाळी पुन्हा कडक थंडी पडली. तुम्ही इकडचे असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, दिसत नाही असा बर्फ धरतो. तो विरघळावा म्हणून मी मीठ टाकायला बाहेर आलो. आधी आमच्या ड्राइव्हवेवर, गॅरेजपासून रस्त्यापर्यंत, टाकलं. काकांच्या दारात पोचलो तेव्हा गोणीत दोन मुठी राहिलं होतं. ते त्यांच्या पायरीवर टाकलं, ड्राइव्हवे तसाच राहिला. दुकान दहा मिनिटांवर होतं. हात गारठले होते, ऑफिसचा कॉल होता. मी स्वतःशीच म्हणालो, उद्या आणू. आजच्या दिवस चालेल.

दुसरा दिवस गुरुवार होता.

सकाळी मी कॉफी घेऊन खिडकीशी आलो तर काका त्यांच्या ड्राइव्हवेच्या टोकाला, रस्त्याच्या कडेला उताणे पडलेले. त्यांचा डबा जागेवर ठेवून झाला होता. ते आमचा डबा न्यायला येत होते. मी चपला न घालता धावलो. डोक्यावर माकडटोपी होती, जागच्या जागी, जरासुद्धा सरकलेली नव्हती. मागच्या बाजूनं ती ओली झाली होती. हॉस्पिटलात दोन दिवस काढले त्यांनी. शुद्धीवर आलेच नाहीत.

मुलगा आला आणि माझ्या गळ्यात पडून रडला. "तुम्ही किती केलंत हो बाबांसाठी." मी त्याची पाठ थोपटत राहिलो. थोपटत राहिलो, दुसरं काय करणार!

रविवारी सईचा फोन आला. तिला कुणीतरी आधीच कळवलं होतं. आवाज बसला होता. "बाबा, कसे गेले?"

"बर्फावर पाय घसरला."

ती म्हणाली, "सॉल्ट नव्हतं टाकलं?"

"टाकलं होतं," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. पायरीवर टाकलंच होतं. त्या आईला काका काय म्हणाले होते, ते तुम्हाला आठवत असेल. ते सांगताना त्यांचा चेहरा कसा झाला होता, ते मात्र तुम्ही बघितलेलं नाही. मी बघितलंय. आता सकाळी दाढी करताना तोच दिसतो.

सध्या ऑगस्ट आहे. आमच्या गॅरेजमध्ये मिठाच्या सहा गोण्या रचलेल्या आहेत. काकांच्या मुलानं तो कापडी टेप सईसाठी म्हणून माझ्याकडे दिलाय. शनिवारी ती परत येतेय, धडधाकट. विमानतळावरून येताना गाडीतच तिला सगळं सांगायचं मी ठरवलंय, तिनं पुन्हा विचारायच्या आधी. तिच्यानंतर काकांच्या मुलाला.

काल बायकोला हे बोललो. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "येऊ दे की पोरीला घरी. जेवू दे, झोपू दे. दोन दिवसांनी सांगितलंस तरी चालेल."

"नाही," मी म्हटलं. "गाडीतच सांगणार."