हरेशसाठी आलेला फोन

सामना सुरू होण्याआधी हरेश गोलपोस्टसमोर अनवाणी चालायचा. घाई नाही, कुणाकडे बघणं नाही. टाच रुतवायची, उचलायची, पुढचं पाऊल. भरतीचं पाणी कुठवर आलं होतं, कुठे वाळू घट्ट आणि कुठे भुसभुशीत, हे तो पायांनी बघून घ्यायचा. केळव्याच्या किनाऱ्यावर मी त्याला पहिल्यांदा असं चालताना पाहिलं आणि हसलो. मी समोरच्या संघाचा गोलकीपर होतो. हातात नवे हातमोजे होते. तारापूरच्या वसाहतीत गवताच्या मैदानावर खेळत वाढलेला मी, मला वाळूचं काय कौतुक?

त्याने स्वतःच्या गोलपासून चेंडू फेकला. माझ्यापुढे टप्पा पडला आणि तो असा काही उसळला, की माझ्या डोक्यावरून थेट जाळीत गेला. सामन्यानंतर तो जवळ आला. "तू बॉल बघतोस. वाळू बघ. बॉल तिचंच आयकतो." मला तेव्हाच त्याचा राग आला होता. तो बरोबर होता, म्हणून जास्त.

हरेश केळव्याजवळच्या कोळीवस्तीतला. वडिलांच्या बोटीवर जायचा, बोट किनाऱ्याला लागली की खेळायचा. पुढे जिल्ह्याच्या बीच सॉकर संघात आम्ही दोघेही आलो. पहिला गोलकीपर तो, राखीव मी. राज्याच्या संघातही तेच. मी व्यायामशाळेत जात होतो, अंडी मोजून खात होतो, परदेशी गोलकीपरांचे व्हिडिओ बघत होतो. तो आदल्या दिवशी जाळी ओढून यायचा आणि झोपेतून उठल्यासारखा झेप घ्यायचा. "येवढा इचार नको करू," मला म्हणायचा, "बॉल येल तवा येल."

आशियातल्या देशांच्या बीच सॉकर स्पर्धेसाठी भारताचा संघ निवडायचा होता. निवड शिबिरासाठी आम्ही दोघांनीही पासपोर्ट काढले, आणि दोघेही शेवटच्या यादीतून गळलो. खरं सांगतो, त्या आठवड्यात मला शांत झोप लागली. तो गेला नव्हता, एवढं मला पुरेसं होतं.

मग एका दुपारी आमच्या प्रशिक्षकांचा फोन आला. संघातल्या एका गोलकीपरचं बोट मोडलं होतं. "हरेशचा फोन लागत नाही. त्याला निरोप दे. उद्या संध्याकाळपर्यंत त्याचा होकार हवा, नाहीतर तुझं नाव कळवतो."

"सांगतो, सर," मी म्हणालो. कुणाचा फोन, असं आईने विचारलं, तेव्हा हरेशला परदेशी खेळायला बोलावलंय, एवढं तिला सांगून टाकलं.

हरेशची बोट दुसऱ्या दिवशी सकाळी येणार, हे मला माहीत होतं. बोईसरच्या आमच्या घरापासून त्याची वस्ती काही लांब नाही. मी नेहमीसारखा कारखान्यात कामावर गेलो. दुपारी सरांनी पुन्हा फोन करून विचारलं, "भेटला का?" मी म्हणालो, "बोट आली नाही अजून."

चार वाजता घरी आलो, तर हरेश दारात. बोट आली की आमच्याकडे ओले बोंबील आणून द्यायची त्याची पद्धत होती. फोन समुद्रात भिजून बंद पडलाय म्हणाला. आईने चहा ठेवला. मी समोर बसून समुद्रात वारा कसा होता ते विचारत राहिलो. घड्याळात साडेचार झाले. आणि आई कप पुढे करत सहज म्हणाली, "अरे, काल तुझ्यासाठी सरांचा फोन होता ना? तू परदेशी जाणार म्हणे!"

हरेशने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, खाली मान घालून.

"मी नाय गेलो, त कोन जाईल?"

"मी."

त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "एक दिस मी बी लपवला असता. दोन दिस नाय." आणि हात पुढे केला. "फोन दे तुझा."

त्याने सरांना होकार कळवला, आणि आईने डब्यातली चिमूटभर साखर त्याच्या तोंडात घातली. दोन दिवसांनी मीच त्याला मोटरसायकलवरून पालघर स्टेशनला सोडलं.

स्पर्धेतला त्याचा सामना मी कारखान्याच्या कँटीनमध्ये मोबाइलवर पाहिला. भोवती सगळे जमले होते. "वो तेरा दोस्त है ना?" कुणीतरी विचारलं. मी मान हलवली. पहिला गोल त्याने खाल्ला, तेव्हा माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. मग समोरच्यांना फ्री किक मिळाली. या खेळात गोलकीपरपुढे खेळाडूंची भिंत उभी करता येत नाही. मारणारा आणि गोलकीपर, दोघेच. हरेशने ती उजवीकडे झेपावून अडवली. कँटीन ओरडलं. टाळ्या मीही वाजवल्या, सगळ्यांच्या मागून. भारत एका गोलने हरला, आणि मी लगेच हिशेब केला, की तो पहिला गोल मी अडवला असता. अडवला नसता.

परत आल्यावर पालघरला एका सभागृहात त्याचा सत्कार झाला. तिथली वाळू कशी होती, असं कुणी विचारलं. "चाळून टाकलेली. तिला बोलताच येत नव्हतं," तो म्हणाला. लोक हसले. मग निवेदिकेने विचारलं, "निवड झाल्याची बातमी तुम्हाला कुठे कळली?"

मी तिसऱ्या रांगेत होतो. मी पुढच्या माणसाच्या पाठीआड सरकलो. हरेशने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मित्राच्या घरी," तो म्हणाला. "च्या पिताना. त्याच्या आईनं पहिली साखर भरवली."

एक शब्द खोटा नव्हता.

हरेश आता गोव्यात एका क्लबच्या गोलकीपरांना शिकवतो. जिल्ह्याच्या संघात पहिला गोलकीपर मी आहे. अधूनमधून त्याचा फोन येतो, आईची चौकशी करतो, माझा खेळ विचारतो. त्या दिवसाबद्दल मी अजून त्याची माफी मागितलेली नाही. मागितली, तर तो हसून लगेच देऊन टाकेल. आणि मला त्याचाही हेवा वाटेल.