मांडवाच्या दारातली साडी

दर हिवाळ्यात आमच्या चर्चमध्ये अमेरिकेहून एक तुकडी यायची. आठवडाभर राहायची, सेवा करायची आणि जाताना रडायची. सगळ्यांचे टी-शर्ट एकाच निळ्या रंगाचे, पाठीवर बायबलमधलं वचन छापलेलं. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि त्या टी-शर्टवर माझा फार दिवस डोळा होता. दुभाषी म्हणून नाव दिलं की तो मिळतो हे कळल्यावर मी लगेच हात वर केला. देवानं मला पाचारण केलं आहे असं मंडळीपुढे उभं राहून सांगितलं. देवाचा त्यात काही संबंध नव्हता.

माझ्यासोबत बाबाही निघाले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत, मयूर विहारच्या सोसायटीत आमचा फ्लॅट, आणि दिल्लीतल्या मूठभर मराठी ख्रिस्ती कुटुंबांत बाबांच्या गळ्याला मोठा मान. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी मराठी प्रार्थनासभा व्हायची, तिथे बाबा गायचे. कुणी विचारलं की सांगायचे, "आम्ही मूळचे पुण्याचे." पुण्यात कुठले, असं विचारायची पाळी बाबा कुणावर येऊ द्यायचे नाहीत, चहा मागवायचे. मीही पुण्याचीच. पुणे मी तेव्हा दोनदा पाहिलं होतं, तेही रेल्वेच्या खिडकीतून.

आम्हाला मानेसरला नेण्यात आलं. कारखान्यांच्या मागे एका गावात जमीनदारानं ओळीनं खोल्या बांधून मजुरांना भाड्यानं दिल्या होत्या. चहूकडून आलेली माणसं तिथे राहत होती, त्यांत थोडी ख्रिस्ती घरंही होती. पहिल्या दिवशी कार्यक्रम होता हात धुण्याचा. तुकडीतल्या दोन गोऱ्यापान मुलींनी साबणाचं गाणं म्हटलं, मी त्याचं हिंदी केलं, आणि पोराबाळांचे हात कोपरापर्यंत फेसानं भरले. सगळे खूश. मग एका बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं की टँकर आता उद्याच येईल, आणि तुम्ही वापरलं ते संध्याकाळच्या स्वयंपाकाचं पाणी होतं. हे मी इंग्रजीत कुणाला सांगितलं नाही. फोटो फार छान आले होते.

त्याच ओळीत शेवटच्या खोलीत एक म्हातारपणाकडे झुकलेली बाई राहायची. एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासायची. नवरा मुकादमाबरोबर नगरकडून बांधकामावर आला, इथेच राहिला आणि इथेच गेला. मी फोनवर आईशी बोलत होते ते तिनं ऐकलं आणि पदर सावरत पुढं आली.

"सलाम, बाई. मराठी हाय व्हय गं तू?"

सलाम! गावाकडच्या ख्रिस्ती लोकांचा हा नमस्कार. आमच्या दिल्लीच्या सभेत सगळे "प्रेझ द लॉर्ड" म्हणायचे. सलाम फक्त बाबांच्या तोंडी कधी झोपेतून उठताना यायचा. मी हसून हो म्हटलं.

"कंचं गाव?"

"पुणे."

"पुन्यात कुठं?"

मराठी माणसाला हा प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण चहा मागवायला तिथे टपरी नव्हती. मी आडनाव सांगून वेळ मारून नेली. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "हे आडनाव आपल्यात नसतंय," एवढंच म्हणाली. मला राग आला. आपल्यात म्हणजे कुणात? मी तिच्यातली नव्हते. मी निळ्या टी-शर्टमधली होते.

मग तिनं सांगितलं की शनिवारी तिच्या मुलीचं लग्न आहे. पाळक येणार, मंडळी जमणार, सगळं ठरलं होतं, एक गोष्ट सोडून. तिच्या माहेरचं कुणी नव्हतं. नगरकडच्या तिच्या लोकांत अशी रीत आहे की नवरीच्या मामानं आधी आपल्या बहिणीला साडी द्यायची आणि मग भाचीचा हात धरून तिला मांडवाच्या दारातून आत न्यायचं. धर्म बदलला, मामा बदलला नाही. "सख्खा न्हाई मला," ती म्हणाली. "चुलत हाय एक. पर त्यो मोठा सायब झाला म्हनत्यात, दिल्लीतच हाय. कुठं शोधू?" कुणी मराठी भेटलं की ती हेच विचारायची. मी म्हटलं, देव पाठवील. हे असलं बोलायला मी दोनच दिवसांत शिकले होते.

बुधवारी त्याच वस्तीत प्रार्थनासभा होती. चर्चची माणसंही आली होती. त्यांत आमच्या मराठी सभेतले एक निवृत्त मोठे अधिकारी होते, खरेखुरे पुण्याचे. आपले पणजोबा ब्राह्मण असताना प्रभूकडे कसे आले, ही गोष्ट ते दर नाताळला सांगायचे, आणि ती सांगताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवायचे, जणू दोघांचे पणजोबा एकाच बाकावर बसत होते. बाबांनी तो हात कधी काढला नाही.

तुकडीचा प्रमुख उंच, लालबुंद चेहऱ्याचा, मनानं खरोखर चांगला माणूस होता. त्यानं बाबांना त्यांच्या भाषेत एक गीत गायला सांगितलं. बाबांनी डोळे मिटले. गीत सगळ्या मराठी ख्रिस्ती लोकांना पाठ असलेलं, पण बाबा ते वेगळ्या चालीत गायचे. दुसऱ्या कडव्यानंतर त्यांचा सूर एकदम खाली उतरायचा, जात्यावर बसल्यासारखा, आणि एक ओळ तीनदा यायची. पुण्याच्या साहेबांनी कितीदा चेष्टेनं विचारलं होतं, "ही कुठली हो चाल?" बाबा म्हणायचे, "आमच्या आईची." मला वाटायचं, गातात आपले हौसेनं.

सूर खाली उतरला आणि मागून एका बाईचा आवाज त्याच पायरीवर उतरला. ओळ तीनदा आली. तीनदा दोघांची. तिसऱ्या वेळी बाबा थांबले, आवाज एकटाच चालू राहिला.

कँटीनवाली बाई बायकांमधून उठली आणि पुढं आली. ती रडत नव्हती, उलट चेहरा असा फुलला होता की बघणाऱ्याला हसू यावं. "ही चाल आमच्याच वाडीतली," ती म्हणाली. "माझ्या बापानं बशिवली. आन् तू मास्तरांचा धाकटा! आरं, तुला कडंवर घिऊन हिंडलीया मी. गावकुसाभाईर आपलं घर, हिरीवर पानी न्हाई भरू द्यायचे, तवा तुझ्या वाटचं पानी मी लांबून आनायची. वळखलं न्हाईस व्हय?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुण्याच्या साहेबांकडे. मी बाबांच्या अगदी जवळ उभी होते. बाबांनी तिला ओळखलं होतं. ते मला त्यांच्या कानशिलावरच्या शिरेत दिसलं.

"माताजी," बाबा म्हणाले, "आपको कुछ ग़लतफ़हमी हुई है।"

माझे बाबा हिंदीत प्रार्थना करत नव्हते, हिंदीत रागावत नव्हते. घरात पाय ठेवला की हिंदी बुटांबरोबर दाराबाहेर राहायची. आपल्या बहिणीला मात्र ते हिंदीत बोलले, आणि माताजी म्हणाले.

तिनं पदर डोक्यावर ओढला आणि तीही हिंदीत बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हाँ जी। ग़लती हो गई। शनिवार को बेटी की शादी है ना, तो भाई की याद आ रही थी। माफ़ करना साहब।"

प्रमुखानं मला विचारलं, काय म्हणते आहे ती? मी भाषांतर केलं. तिच्या हिंदीतलं अक्षर न अक्षर बरोबर सांगितलं. मराठीतलं त्यानं विचारलं नाही. लग्न, भाऊ, आणि तिनं मला आधी सांगितलेली रीतही जोडली, साडी, मांडवाचं दार, मामाचा हात. त्या भल्या माणसाचे डोळे भरून आले. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मी होईन तुझा भाऊ." बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुण्याचे साहेब म्हणाले, "वा, वा, बिल्कुल!" बाबांनीही टाळ्या वाजवल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण धरणी मानेसरची होती, सगळी सिमेंट झालेली.

परतताना बसमध्ये बाबा झोपल्याचं सोंग घेऊन बसले. घरी आई पोळ्या करत होती. मी सगळं सांगितलं. आईनं लाटणं थांबवलं नाही.

"चुलत बहीण आहे त्यांची. तुझी आत्या," ती म्हणाली. "लग्नानंतर मला एकदाच सांगितलं होतं. आडनाव बदललं, गाव बदललं, मग माणसं कशी ठेवणार? यार, तूच सांग, सोसायटीत, ऑफिसात सगळे काय समजतात आपल्याला, ते तुला नाही माहीत?"

माहीत होतं. मला फार आधीपासून माहीत होतं, फक्त कुणी मोठ्यानं म्हटलेलं नव्हतं. शाळेत कुणी विचारलं तर मीही तशीच हसायचे, पुण्याची असल्यासारखी. खोट्या घरात मी आयती जन्मले होते आणि तिथे मला मजेत राहता येत होतं. बाबांची लाज वाटली, आणि ती वाटता वाटता लक्षात आलं की ही लाज निम्मी माझी आहे.

शुक्रवारी बाबा ऑफिसातून उशिरा आले. कोपर्निकस मार्गावर, आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात, हातमागाचं प्रदर्शन लागलं होतं. तिथून त्यांनी इरकली साडी आणली होती. हिरवी, लाल काठाची. आईला दाखवली, आई बघून आत गेली. मला वाटलं, सुटलो. उद्या बाबा साडी घेऊन तिच्यापुढे जातील, काय व्हायचं ते होईल. त्या रात्री मी शांत झोपले.

शनिवारी बसमधून उतरल्यावर बाबांनी साडीची पिशवी प्रमुखाच्या हातात दिली. "आमच्याकडे भावानं ही द्यायची असते," ते त्याला इंग्रजीत समजावू लागले. आणि किती नीट समजावलं! साडी दोन हातांनी द्यायची, वर हळदीचं बोट लावलेला नारळ, मग नवरीचा उजवा हात आपल्या डाव्या हातात, उंबरठ्याला आधी उजवं पाऊल, तिनं मागे वळून बघितलं तर थांबायचं, ओढायचं नाही. एकही गोष्ट सुटली नाही. प्रमुख मान डोलवत होता आणि मनात घोकत होता. मग बाबांनी त्याचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आई नेहमी म्हणते. बाबांनी तर कळसाच दुसऱ्याच्या काखेत दिला होता.

खोल्यांच्या मधल्या गल्लीत मांडव घातला होता. नवरी पांढऱ्या साडीत दाराशी उभी, शेजारी आत्या. प्रमुखानं निळ्या टी-शर्टवर कोट चढवला होता. त्यानं दोन हातांनी पिशवी पुढे केली. पिशवीवर प्रदर्शनाचं नाव मराठीत छापलेलं होतं. आत्याला वाचता येत होतं, तिचा बाप गावचा प्रचारक होता. तिनं ते वाचलं. मग प्रमुखाच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"पोरी," ती मला म्हणाली, आता मराठीत, हळू नाही, मोठ्यानं नाही, "सायबाला सांग, तुमी पाव्हनं. लई मोठ्या मनाचं. पाव्हन्याचा मान आमी ठेवतो. पर साडी भावाकडनं घ्यायची असती, पाव्हन्याकडनं न्हाई. ज्याची असंल त्यानं द्यावी."

आणि ती थांबली. दोन्ही हात मोकळे सोडून, मांडवाच्या दारात, सगळी माणसं खोळंबलेली असताना ती थांबली. पाळक घड्याळ बघत होते. बाबा कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा पीळ सोडवत होते. पट्ट्याला पीळ नव्हता. बाबा दोन पावलांवर होते, मी तर एकाच पावलावर होते. आत्या म्हणायला एकच शब्द लागतो. तो माझ्या जिभेवर आला, तिथेच थांबला, आणि मी प्रमुखाकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "ती म्हणते, पाहुण्यांकडून एवढी भारी भेट घेणं आमच्यात बरं दिसत नाही."

प्रमुख हेलावून गेला. असा स्वाभिमान, तो म्हणाला.

आत्यानं आणखी एकदा बाबांकडे पाहिलं. मग मुलीचा उजवा हात आपल्या डाव्या हातात घेतला, उंबरठ्याला आधी उजवं पाऊल लावलं आणि मुलीला स्वतःच आत घेऊन गेली. मुलीनं वळून पाहिलं तेव्हा ती थांबली. ओढलं नाही.

जेवून आम्ही निघालो. बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसले, प्रमुखानं परत केलेली पिशवी मांडीवर. बस महिपालपूरला, दिल्लीच्या वेशीत पोचली. मग खिडकीकडे तोंड करून, फार हळू, गावाकडच्या अशा बोलीत की मी ती त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, त्यांनी विचारलं, "आवडली असंल का गं तिला? काठ बघितला का तिनं?"

मी म्हटलं, हो बाबा, बघितला. तिनं पिशवी उघडलीसुद्धा नव्हती.