चार्ज घेणारा माणूस

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक यादी चिकटवलेली असते. गणवेश, बूट, ओळखपत्र, पासबुक, चष्म्याची जादा जोडी. प्रादेशिक सेनेत मला पंधरा वर्षं झाली. एरवी आपली नोकरी करायची, वर्षातून काही दिवस पलटणीत सराव करायचा आणि बोलावणं आलं की पत्रातल्या तारखेला हजर व्हायचं. चव्वेचाळिसाव्या वर्षीही मी अर्ध्या तासात पेटी भरतो.

यादीत एक गोष्ट मात्र नव्हती. मोबाइलचा नंबर बदलला तेव्हा तो पलटणीला कळवायचा राहिला. त्यामुळे त्या वेळचं बोलावणं फक्त पत्राने आलं, आणि तेही भातकुलीला, मोठ्या भावाच्या घरी, कारण कायमचा पत्ता तिथला. आमच्या घरी सरकारी पाकीट आधी देव्हाऱ्यात जातं. हळदकुंकू लावून, बरा दिवस बघूनच ते फोडतात. त्यात अमावास्या तोंडावर आलेली. भावाने पाकीट पाच दिवस देवापुढे ठेवलं आणि सहाव्या दिवशी सकाळी अमरावतीला आणून दिलं.

मी फोडलं. हजर व्हायची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची होती.

"दादा, पाच दिवस हे काहून दाबून ठेवलं?"

"आमोशा होती ना बावा." मग आवाज उतरवून म्हणाला, "आता उशीर झालाच हाये, तर राहू दे. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून देतो. कंबरेत लचक भरली म्हण."

"माही कंबर चांगली हाये. तू पेटी काढ."

मी एका खासगी शिक्षण संस्थेत भांडारपाल आहे. खडूपासून प्रयोगशाळेतल्या काचेपर्यंत सगळं माझ्या ताब्यात. पत्र घेऊन सचिवांकडे गेलो. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"तुमच्यावाचून सीमेवरचं काम अडलं का हो?"

"ते माहीत नाही, साहेब. मला बोलावलंय."

"जा ना. आधी चार्ज द्या. आणि चार्ज घ्यायला माझ्याकडे माणूस नाही. तसेच गेलात तर परत येऊ नका."

डाव कळला. भांडारपाल रजेवर गेला तरी एकेक वस्तू मोजून दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी लागते, दोघांच्या सह्या होतात. घेणाराच नेमला नाही की देणारा अडकतो. बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर त्याच्या जागी घ्यावं लागतं, असा कायदा आहे. तो मी तिथेच वाचून दाखवला असता, पण संध्याकाळची गाडी गाठायची होती.

भांडारात गेलो आणि शिपाई मावशींना बोलावलं. "मावशी, मी मोजतो. तुम्ही साक्षीला बसा."

"नुसती बसू काय? मले लिहिता येते, भाऊ." त्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं.

मी मोजत गेलो, त्या लिहीत गेल्या. परीक्षानळ्या, सूक्ष्मदर्शक, पंखे, खडूची खोकी. तीन वाजता यादीखाली त्यांनी पूर्ण नावाने सही केली.

"साहेब चिडतील तुमच्यावर," मी म्हणालो.

"चिडू द्या. मायी बदली कुठी करतील? वरच्या मजल्यावर?"

दाराला कुलूप लावून त्यावर आमच्या सह्यांची पट्टी डकवली. किल्ली, यादी आणि पत्राची झेरॉक्स आवक-जावकच्या टेबलावर दिली. माझ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला आणि ती पेटीत सगळ्यात खाली ठेवली. बडनेऱ्यापर्यंत पेटी भावानेच उचलली. गाडी हलताना म्हणाला, "पुढचं पाकीट दारातच फोडतो."

सकाळी सव्वानऊला मी पलटणीत हजर होतो.

दहा महिन्यांनी सेवेतून मोकळा होऊन परतलो, तेव्हा माझ्या खुर्चीत सचिवांचा भाचा बसला होता.

"जागा भरली," सचिव म्हणाले.

मी शिक्क्याची प्रत टेबलावर ठेवली. शेजारी पलटणीचं पत्र, कायद्याची छापील पानं आणि रुजू होण्याचा अर्ज. या खेपेला मला कुठलीच गाडी गाठायची नव्हती. त्यांनी सगळं वाचेपर्यंत मी उभा राहिलो.

"उद्या बघू."

"आज, साहेब. चार्ज घेणारा माणूस आलाय."

त्यांनी अर्जावर सही केली, माझ्याकडे न बघता. मी भांडारात गेलो. भाच्याला उठवलं, मावशींना हाक मारली आणि दहा महिन्यांपूर्वीची यादी काढून पहिल्या कपाटापासून मोजायला लागलो.