ड्रेसिंगच्या आधी

दिवसाआड मिशनच्या दवाखान्यातली एक परदेशी सिस्टर स्कूटीवरून आमच्या चिचगडच्या घरी येते आणि आईच्या पायाची चिघळलेली जखम धुते. इतक्या वर्षांत ती आमची बोली आमच्यापेक्षाही फटकळपणे बोलायला शिकली आहे. "चहात साखर काऊन घातली, माय?" असं दारातूनच ओरडते. पट्टी सोडण्याआधी मात्र क्षणभर डोळे मिटते. ती आईला आपल्या धर्मात ओढेल या भीतीने मी समोर पेपर घेऊन पहाऱ्याला बसतो आणि तिने डोळे मिटले की मोठ्याने खाकरतो. जखमेकडे बघायची मात्र माझी हिंमत नाही.

परवा तिने डोळे न मिटताच पट्टी सोडली.

"आज देवाले नाही बोलावलं?" आईने विचारलं.

"तिकडं माझी माय मरून राहिली अन् मी इथं. त्याच्यासंग भांडण चालू आहे माझं."

आईने तिचा हात धरला. "मंग आज मी बोलतो त्याच्यासंग," असं म्हणून तिनेच डोळे मिटले.

उघड्या जखमेवर माश्या येऊ लागल्या. माझ्या घशात आता खरोखरचा खोकला आला होता. तो गिळून मी पेपरने माश्या हाकलत बसलो.