नावेच्या नाकावर नारळ

"वरथून त काहीच दिसत नही, मॅडम. काय खराब व्हयनं?" नानांनी नावेच्या नाकावरून हात फिरवला.

नाना प्रकाशा गावचे मोठे शेतकरी. त्यांचं मिरचीचं शेत तापी नदीपलीकडे. दुसऱ्या दिवशी तोडणीच्या बाया याच नावेतून जायच्या होत्या. नाव माझ्या विसरवाडीच्या वर्कशॉपमध्ये बनलेली, फायबरची. मी काठावर पोचेपर्यंत पूजा उरकली होती. गावातल्या प्रत्येक मानकऱ्याने नाकावर एकेक नारळ फोडला होता. तोही नेमका एकाच जागी. मी कपाळाला हात लावला.

फायबरची नाव म्हणजे कंपोझिट, दोन वेगळ्या वस्तूंची मिळून एक. कुडाची भिंत आठवा. काठ्या ताण घेतात, गारा त्यांना धरून ठेवतो. इथे काठ्यांच्या जागी काचेच्या धाग्यांचं मॅट, गाऱ्याच्या जागी रेझिन. असे थरावर थर. ठोका बसला की लोखंडाला पोचा पडतो, तो दिसतो. कंपोझिट वरून साळसूद राहतं आणि आतले थर सुटतात. त्याला डिलॅमिनेशन म्हणतात.

मी नाण्याने ठोकून दाखवलं. बाजूला टणटण, नाकावर भद्द.

"जुनी नाववर आम्ही दरसाल नारय फोडूत."

"ती लोखंडाची होती, नाना."

"मंग हाई कच्ची शे, आसं सांगा ना."

माझं डोकंच फिरलं. "उद्या नाव जाणार नाही."

"मिरची झाडवर सुकी ऱ्हायनी. बायास्ले सांगी देयेल शे."

"काठाला लावताना पहिला धक्का इथेच बसतो. उद्या फुटली आणि बाया पाण्यात गेल्या, तर त्यांच्या घरी काय सांगाल? वरून दिसत नव्हतं?"

नानांनी माझ्या हातातलं नाणं घेऊन नाकावर स्वतः ठोकून पाहिलं. मग म्हणाले, "कापा."

ग्राइंडर लावला. थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटत गेले. नाना वाकून बघत राहिले. नवं मॅट, रेझिन, हार्डनर. मग ते टणक होईपर्यंत थांबायचं, म्हणजे क्युरिंग. तिथे घाई चालत नाही. तोवर बाया ट्रॅक्टरने, पुलावरून लांबचा फेरा मारून गेल्या. नाना तासातासाला फोन करून विचारत, सुकनी का.

अखेर नाव पाण्यात उतरली. बाया पलीकडे सुखरूप पोचल्या. मी सुटकेचा निःश्वास सोडला, तोच नाना म्हणाले, "आते परत पूजा करनी पडी. नाक नवं शे ना."

डिझाइन करताना मी लाट धरली होती, गाळ धरला होता, माणसांचं वजन धरलं होतं. मानपान धरला नव्हता. आता प्रत्येक नावेच्या नाकाला मी मॅटचे जादा थर देते. समजावत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.