जसं आलं तसं पुढे

सकाळचे नऊ वाजले होते आणि मी कूलरची जाळी धूत होतो. मे महिन्यात आमच्या ग्वाल्हेरला नऊ वाजतासुद्धा अंगणातली फरशी पाय टेकू देत नाही. फाटक वाजलं म्हणून वळून पाहिलं, तर मागच्या लायनीतल्या वहिनी आत येत होत्या. पायात चपला नाहीत, हातात मोबाइल.

वहिनी म्हणजे माझ्या शाळेपासूनच्या मित्राची बायको. मित्र सहा वर्षांपूर्वी गेला. वहिनी मुलींच्या शाळेत गणित शिकवून रिटायर झाल्या. एकुलता एक मुलगा फौजेत कॅप्टन आहे. त्या आठवड्यात सीमेवर वातावरण तापलेलं होतं आणि मुलगा तिथेच होता.

"भावजी, हे बघा," त्या म्हणाल्या. "खरं आहे का हे?"

कॉलनीच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता. मुलाच्या पलटणीचं नाव, चौकीचं नाव, 'आतल्या सूत्रांची पक्की खबर', चौकी पूर्ण उद्ध्वस्त, आपले सगळे जवान वीरगतीला प्राप्त, सरकार लपवतंय, प्रत्येक देशभक्तापर्यंत पोचवा. खाली छोटासा व्हिडिओ. अंधार, आग, माणसांच्या किंकाळ्या.

मी ओले हात बनियनला पुसले आणि व्हिडिओ तीनदा बघितला. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. आगीच्या उजेडात जमिनीवर बर्फ दिसत होता. मुलाची चौकी ज्या भागात होती तिथे मे महिन्यात उन्हाने माती फुटते. ओरडणारी माणसं कुठलीतरी भलतीच भाषा बोलत होती. डोक्यावरची हेल्मेटं आपली नव्हती.

"वहिनी, हे कुठल्यातरी दुसऱ्याच देशातल्या लढाईचं आहे. साफ खोटं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "व्हिडिओ खोटा आहे, मान्य. पण त्यावरून खबर खोटी ठरत नाही, भावजी."

 गणिताची बाई होती ती.

मुलाचा फोन बंद होता, आणि सीमेवर तो बंदच असायला हवा होता. पलटण पुढे जाते तेव्हा मागे छावणीत थोडी माणसं ठेवतात, तिला रिअर पार्टी म्हणतात. तिथला लँडलाइन नंबर वहिनींकडे होता. मी फिरवायला सुरुवात केली. एंगेज. परत एंगेज. दुपारपर्यंत मी तो नंबर किती वेळा फिरवला असेल याची गणती नाही. त्या पलटणीच्या प्रत्येक जवानाची आई, बायको, बाप, देशभरातून तोच एक नंबर फिरवत होते. कारण कोण्या हरामखोराने घरी सोफ्यावर बसून एक व्हिडिओ चिकटवला होता आणि लाखो रिकामटेकड्यांनी तो पुढे ढकलला होता. उद्या तिथे खरंच काही घडलं असतं आणि खरा फोन यायचा असता, तर तो लागलाच नसता. हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

वहिनी आमच्याच घरी बसल्या. माझ्या बायकोने पुढे ठेवलेला चहा साय धरून गार झाला. दोरीवरचे वाळलेले कपडे त्यांनी मांडीवर घेतले, घड्या घातल्या, मोडल्या, परत घातल्या. कोणाचाही मोबाइल वाजला की त्यांचे हात थांबायचे. कधी कोणाचं सुप्रभात असायचं, कधी गॅसवाला.

ग्रुपवर तोवर मेणबत्त्या लागल्या होत्या. हात जोडलेली चित्रं, 'शत शत नमन', 'बदला पाहिजे'. त्या ग्रुपमधली निम्मी माणसं वहिनींच्या मुलाला लहानपणापासून ओळखत होती. एकालाही वाटलं नाही की आधी तिच्या दारावर जावं, विचारावं. चार वाजता मात्र दोन बायका आल्या. पांढऱ्या साड्या नेसून. सांत्वनाला!

"बहनजी, ईश्वर आपको शक्ति दे," त्यातली एक दारातूनच म्हणाली.

मी त्यांना काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बायकोने माझा हात धरला. वहिनी मात्र उठल्या, शांतपणे दाराशी गेल्या आणि म्हणाल्या, "अजून काही कळलेलं नाही. कळलं की मीच सांगीन." आणि दार लावून घेतलं. माझी गुर्मी फौजेतली. ही ताकद कुठून येते ते मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला फोन लागला. रिअर पार्टीच्या सुभेदाराचा आवाज बसलेला होता. रात्रभर बोलत असणार बिचारा. मी माझा फौजेतला जुना नंबर आणि हुद्दा सांगितला. तो म्हणाला, "साहब बिलकुल ठीक हैं. पोस्ट ठीक है. कुछ नहीं हुआ, सर. सब झूठ है."

मी फोन वहिनींच्या कानाला लावला. "परत सांगा," त्या म्हणाल्या. त्याने परत सांगितलं. "परत एकदा." तिसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांनी फोन खाली ठेवला, मोरीवर गेल्या आणि ओकल्या. पोटात काही नव्हतंच, नुसतं पाणी.

मी तडक सेक्रेटरीच्या घरी गेलो.

मेसेज त्यानेच टाकला होता. आमच्या दर्पण कॉलनीच्या सोसायटीचा सेक्रेटरी. मूळचा जुन्या शहरातल्या दाना ओलीतला, पणजोबा संस्थानच्या दरबारात मोठ्या हुद्द्यावर, आणि हे तो दर भेटीत एकदा तरी सांगतो. विमा खात्यातून रिटायर झाला आहे. त्याच आठवड्यात तो रोज गच्चीवर उभा राहून लढाऊ विमानं उडताना शूट करत होता आणि कुठून, किती वाजता, किती, हे सगळं लिहून टाकत होता. मी ग्रुपवर लिहिलं होतं की बाबांनो, शत्रूला हेर ठेवायची गरज नाही, तुम्ही आहात. त्यावर त्याने हसरा चेहरा पाठवला होता.

"तो मेसेज कुठून आला?" मी विचारलं.

"कोणता? हां, तो. आला होता कुठून तरी. अरे, आपण बसा तर खरं. पाणी घ्या."

"कोणी पाठवला?"

"आता काय लक्षात राहतं? दुसऱ्या ग्रुपवर होता. मी खाली लिहिलं होतं की, जसं आलं तसं पुढे. म्हणजे माझी काही जबाबदारी नाही."

"त्या चौकीवर कोण आहे ते माहीत होतं तुम्हाला?"

त्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मग म्हणाला, "भाऊ, मी चांगल्या मनाने केलं. लोकांमध्ये जागरूकता यायला पाहिजे. आपण फौजी असून आपलं रक्त उसळत नाही, याचंच मला आश्चर्य लागतं."

रक्त! मी फौजेच्या सिग्नल दलात होतो. अठ्ठावीस वर्षं निरोप घेणं आणि निरोप देणं, याचीच भाकरी खाल्ली. मोर्सच्या खटक्यापासून सॅटेलाइटच्या फोनपर्यंत सगळं या बोटांखालून गेलंय. यंत्राशी माझं वैर नाही. पण आमच्याकडे प्रत्येक निरोपाच्या कागदावर लिहावं लागायचं: कोणाकडून आला, किती वाजता, कोणी घेतला, कोणी पुढे दिला. आणि शेवटी सही. सहीशिवाय निरोप म्हणजे कचरा.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी पहाडातल्या एका ठाण्यावर मी रेडिओवर होतो. वारा सुटला होता, आवाज फाटत होता. दोन ट्रक दरीत गेले होते. पलीकडून आलं, सात जखमी. मी ऐकलं साठ. नियम होता की आकड्यातला एकेक अंक परत वाचून दाखवायचा आणि पलीकडच्याने होकार दिल्यावरच पुढे द्यायचा. मी घाईत होतो, मला वाटलं साठ माणसं मरतायत. तसाच पुढे दिला. दुसऱ्या एका ठाण्यावरून पाय बर्फाने सडत चाललेला एक जवान न्यायला निघालेलं हेलिकॉप्टर त्या साठांसाठी वळवलं गेलं. तो जवान दोन दिवस तिथेच पडून राहिला. जगला, पण त्याचा एक पाय गेला.

आम्हाला रेडिओ शिकवणाऱ्या उस्तादांनी मला पाठीवर दगड भरलेली पिशवी देऊन तीन दिवस पळवलं. पण खरी शिक्षा ती नव्हती. त्या जवानाला जरा बरं वाटल्यावर, पाय कोणामुळे गेला हे कळवायला मला हॉस्पिटलात पाठवलं. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं की मी ऐकण्यात चूक केली.  तो पांघरूण नीट करत राहिला.

हे सगळं मी सेक्रेटरीला सांगितलं. तो म्हणाला, "ते फौजेतलं झालं. हे तर व्हॉट्सॲप आहे." संध्याकाळी मला ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

त्याच दिवसांत एका चॅनलचा फोन आला. चर्चेला या म्हणे, मेडल लावून या, आणि थोडं जोशात बोला. मी विचारलं, जोशात म्हणजे काय? ती मुलगी म्हणाली, "सर, मतलब अटॅकिंग." मी तिला सांगितलं, ज्याने एकदा तरी जखमी माणसाला स्ट्रेचरवर उचललंय, त्याच्या तोंडून लढाई झाली पाहिजे असं सहजासहजी निघत नाही. तिने धन्यवाद म्हणून फोन ठेवला. स्टुडिओत भोंगे वाजवणाऱ्यांना माझा काय उपयोग?

ऑगस्टमध्ये मुलगा सुट्टीवर आला. तोवर सगळं निवळलं होतं. सेक्रेटरीने कॉलनीच्या बागेत त्याचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मंडप, समोसे. मी जाणार नव्हतो, वहिनी म्हणाल्या, "भावजी, या. मला तुम्ही तिथे पाहिजे आहात."

फोटोवाल्याने ड्रोन आणला होता, लग्नात आणतात तसला. तो चालू झाला आणि डोक्यावर गुणगुणायला लागला. मुलगा स्टेजजवळ कोणाशी तरी हसत बोलत होता. एका क्षणात तो बोलता बोलता कडुलिंबाखाली सरकला, बुंध्याला पाठ लावून वर बघायला लागला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे त्यात नव्हते. बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. मी गेलो आणि फोटोवाल्याला म्हटलं, उतरव ते, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, "अंकल, एरियल शॉट आहे." माझा आवाज चढल्यावर उतरवलं.

सेक्रेटरीने शाल उचलली. तेव्हा वहिनी उठल्या. "एक मिनिट," त्या म्हणाल्या. "शाल नंतर. आधी हे वाचून दाखवा." पर्समधून वहीचा कागद काढला. मे महिन्यातला तो मेसेज त्यांनी अक्षरन् अक्षर हाताने उतरवून ठेवला होता.

"हे काय आहे?"

"आपणच पाठवला होता. तेव्हा मी एकटीने वाचला. आज सगळ्यांसमोर वाचा. माझा मुलगा इथे बसलाय, त्यालाही ऐकू द्या."

सेक्रेटरी हसला, मग चष्मा शोधला, मग वाचायला लागला. 'आतल्या सूत्रांची पक्की खबर' इथपर्यंत आवाज नीट होता. पलटणीचं नाव आलं तेव्हा अडखळला. पुढे 'सगळे जवान' एवढं वाचलं आणि समोर बसलेल्या मुलाकडे त्याची नजर गेली. मग आवाज फुटेना. मंडपात पंखे तेवढे फिरत होते.

"पुढे वाचा," वहिनी म्हणाल्या.

"आई, पुरे," मुलगा म्हणाला. त्याने उठून तो कागद सेक्रेटरीच्या हातातून हळूच काढून घेतला.

सेक्रेटरीने माफी मागितली नाही. शाल खुर्चीवर ठेवली, माईकशी काहीतरी पुटपुटला आणि घरी निघून गेला. आणि आमची कॉलनी? समोसे खाता खाता लोक म्हणत होते की म्हाताऱ्या माणसाला असं चारचौघांत करायला नको होतं. चारचौघांत! तिच्या मुलाला चारचौघांत मारलं होतं, तेव्हा हे सगळे मेणबत्त्या पाठवत होते. मी दोघातिघांना तसं तोंडावर सुनावलं. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. नका बोलू.

मुलगा जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं सराफा बाजारात गेलो. आईच्या कानातल्याची फिरकी सैल झाली होती, ती बसवून घ्यायची होती. सोनार काम करत होता आणि आम्ही पायरीवर बसलो होतो. मी त्याला ड्रोनचं विचारलं.

त्याने एकदा वर बघितलं. मग म्हणाला, "काका, तुमच्या वेळी समोर बघायचं असायचं. आता वर. आधी आवाज येतो, डासासारखा. मग तो थांबतो. थांबतो ते जास्त वाईट असतं. माझ्या हाताखालची पोरं संडासला जायला घाबरतात, कारण तेवढं उघड्यावर चालत जावं लागतं." मग हसला. "इथे पंखा लावला तरी मी जागा होतो."

 मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सोनाराला आवाज दिला, किती वेळ लावतोस रे बाबा.

घरी पोचल्यावर वहिनींनी फाटकातच विचारलं, "काय गप्पा झाल्या काका-पुतण्याच्या?"

"काही नाही," मी म्हटलं. "तिथलं जेवण चांगलं असतं म्हणत होता."

वर्गात कॉपी केलेल्या उत्तराकडे बाई बघतात तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कानातली हातात घेतली आणि आत गेल्या.