पोस्ट पुसणारी ओरीस्या

नावं मी बदलली आहेत. गावाचं नाव सांगणार नाही, नदीचंही नाही. कुणाला ओळख पटलीच तर त्याने मेहेरबानी करून तोंड बंद ठेवावं. आमच्या गावच्या लोकांना तेवढं सोडून बाकी सगळं जमतं.

ओरीस्या आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आचारीण. माझं किराणा दुकान शाळेच्या समोर, त्यामुळे तिची सकाळची आरडाओरड मला रस्त्याच्या अलीकडे ऐकू यायची. मोठ्या हाताची, मोठ्या आवाजाची बाई. लपवणं म्हणून काही तिला ठाऊकच नव्हतं. गाय व्याली की फेसबुकवर, काकड्या खारवल्या की फेसबुकवर. नवऱ्याचा, झेन्कोचा दात उपटला तेव्हा तो दात तळहातावर घेऊन तिने फोटो टाकला होता आणि निम्म्या गावाने त्या किडक्या दाताला बदाम दिले होते. मी म्हणायचे, "अगं ओरीस्या, घराला दार कशासाठी असतं?" ती हसायची. "माझ्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय, युस्तिना?"

होतं. तिचा मुलगा होता, मार्क्यान. एकुलता एक.

लढाई सुरू झाली आणि तोही गेला. शाळेत असताना मोडके रेडिओ जोडायचा, म्हणून त्याला ड्रोनवर घेतलं. जाताना त्याने आईला एकच गोष्ट बजावली होती, "आई, माझ्याबद्दल एक अक्षर टाकायचं नाही. फोटो नाही, कुठे आहे ते नाही, काय करतो ते नाही." तिने ते पाळलं. कसं पाळलं ते तिचं तिला माहीत. दुकानात येऊन माझ्या कानात सांगायची, "आज फोन आला होता," आणि मग दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबायची.

शरद ऋतूत त्याचा फोन यायचा थांबला. मग लष्करी कचेरीतून कळवलं, बेपत्ता. या शब्दाइतका नीच शब्द माझ्या पाहण्यात नाही. मेला म्हणावं तर चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालता येत नाही, जिवंत म्हणावं तर कुणाला हाक मारायची? ओरीस्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. सगळीकडे एकच उत्तर, थांबा. आणि एका दुपारी, मुलांचं जेवण वाढून झाल्यावर, तिथेच बाकावर बसून तिने सगळं लिहून टाकलं.

"हा माझा मार्क्यान. वय सव्वीस. ड्रोन चालवण्यात त्याचा हात धरणारा त्याच्या तुकडीत कुणी नव्हता. त्याने शत्रूचे कितीतरी रणगाडे जाळले. हनुवटीवर व्रण आहे, लहानपणी बर्फात घसरगाडीवरून पडला होता. कुणी पाहिला असेल तर एका आईवर दया करा. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा." खाली स्वतःचा फोन नंबर. वर फोटो, हातात यंत्र, दात काढून हसतोय.

पोचवलं लोकांनी. पाद्रीबाबांनी पोचवलं, मी पोचवलं, झेन्कोचा भाऊ पोर्तुगालात गवंडीकाम करतो त्याने तिकडच्या कामकऱ्यांच्या ग्रुपमध्ये टाकलं. आठवड्याभरात ती पोस्ट अशा ठिकाणी गेली जिथे आमच्या गावचं कुणी कधी गेलेलं नाही. कित्येक दिवसांनी ओरीस्याला जेवण गेलं. दुकानात येऊन म्हणाली, "एवढी माणसं आहेत गं जगात. एकाने तरी पाहिलाच असेल की नाही?"

मग लारिसाबाईंचा फोन आला. तालुक्याच्या गावी बेपत्तांच्या आयांची एक संघटना आहे, ती या चालवतात. त्यांचाही मुलगा बेपत्ताच. ओरीस्या तेव्हा दुकानातच होती, तिने फोन स्पीकरवर लावला, म्हणून मीही ऐकलं.

"ती पोस्ट काढा. आत्ताच्या आत्ता."

"का म्हणून काढू? इतके लोक मदत करतायत..."

"बाई, तुमचा मुलगा जिवंत असेल तर तो तिथे कैदेत असेल. त्याने त्यांना काय सांगितलं असेल? मी रणगाडे जाळले, असं? तो सांगत असेल, मी आचारी आहे, मी गाडी चालवतो, मला काही ठाऊक नाही. कदाचित नावही खोटं सांगितलं असेल. ड्रोनवाल्यांचं तिथे काय करतात ते मी तुम्हाला फोनवर सांगणार नाही. आणि ते लोक आपल्या पोस्टी आपल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन वाचतात."

ओरीस्या फोन काउंटरवर ठेवून खाली बसली, जमिनीवर, बटाट्याच्या पोत्यांना टेकून. म्हणाली, "त्याने सांगितलं होतं, युस्तिना. त्याने मला बजावून सांगितलं होतं."

तिने आपली पोस्ट काढली. मग दुसऱ्यांच्या काढायला निघाली. दारोदार गेली बाई. म्हाताऱ्या यावदोखाला आपण काय केलंय तेच कळेना. "मी फक्त बदाम दाबला गं, पोरी! बदाम दाबणं पाप आहे का?" ओरीस्याने तिच्या चुलीपाशी बसून तिचा फोन साफ केला. पाद्रीबाबांनी काढली, पण आधी देवाच्या इच्छेवर थोडं बोलले. बसथांब्यावर उभा राहणारा नाझार म्हणाला, "काकू, राहू द्या ना, माझ्या कुठल्याच पोस्टला एवढं कुणी विचारलं नव्हतं." तिने त्याच्या मुस्काटात मारली आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. तो बिचारा उभा राहिला आणि एका हाताने पोस्ट शोधून पुसत राहिला.

पोर्तुगालातला दीर पासवर्ड विसरला होता. "वहिनी, मी काय करू? मला आतच घेत नाहीय ते!" कुणा परक्या माणसाने तर त्या फोटोला रडकं संगीत लावून व्हिडिओ केला होता. त्या खात्यावर माणसाच्या जागी सूर्यफूल होतं. ओरीस्याने त्या सूर्यफुलाला रोज लिहिलं. दादा, काढा. ताई, काढा. तुम्ही जे कोण असाल ते, तुमच्या पाया पडते. उत्तर आलं नाही. आमच्याकडे म्हणतात, शब्द म्हणजे चिमणी नव्हे, उडाला की हाती लागत नाही. चिमणी निदान कधीतरी वळचणीला परत येते.

त्या हिवाळ्यात तिचा आवाज गेला. आजारपण नव्हे, तिने बोलणंच सोडलं. लारिसाबाईंनी शिकवल्याप्रमाणे नवीन पोस्ट टाकायची, शाळेच्या निरोप समारंभातला सुटाबुटातला फोटो आणि एकच ओळ, माझ्या मुलाला शोधायला मदत करा. बाकी काही नाही. पैसे द्या, खबर देतो म्हणणारे भामटे फोन करायचे. त्यांना ती म्हणायची, "तुमच्या आईला विचारून या आधी."

झेन्कोला यातलं फारसं सांगायची नाही. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोन घोट पोटात गेले की गुत्त्यातल्या खुर्च्यांनासुद्धा घरचं सगळं कळायचं.

हिवाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. वीज नव्हती, लढाईत बहुतेकदा नसायचीच. माझ्या दुकानात जनरेटर, म्हणून लोक फोन चार्ज करायला यायचे. ओरीस्या शाळेतलं आटपून आली, फोन चार्जिंगला लावला आणि पाव घेत होती. तेवढ्यात तो वाजला. अनोळखी नंबर, व्हिडिओ. लागोपाठ दोनदा वाजला. तिने उचलला.

मी शेल्फाजवळ होते, मला तिरका पडदा दिसत होता. आधी एका माणसाची फक्त छाती दिसली, गणवेशातली. त्यांची भाषा आम्हाला समजते, हीच तर पीडा आहे.

"काय आई, कशी आहेस? तुझी पोस्ट वाचली आम्ही. तो रडका व्हिडिओ. छान लिहितेस." तो मजेत बोलत होता. "तुझ्यासाठी एक भेट आहे. बघ बरं, हा तुझा का?"

फोन फिरला. भिंतीपाशी एक माणूस उभा होता. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली, एक कान सुजून जांभळा. तो मार्क्यान होता. मी त्याला दुपट्यात असल्यापासून ओळखते.

"नाव सांग हिला," तो आवाज म्हणाला.

"युर्को," मार्क्यान म्हणाला. खालीच बघत होता. "तुकडीत आचारी होतो."

"हा म्हणतो युर्को. म्हणतो आचारी. आम्हाला वाटतं, हा तुझा तो रणगाडे जाळणारा. तू फक्त हो म्हण, आई. हो म्हणालीस की आत्ता बोलायला देतो. रोज बोल. अदलाबदलीच्या यादीत पहिलं नाव घालतो. आईशी कोण खोटं बोलेल?"

ओरीस्याने फोन डोळ्यांजवळ नेला. मला वाटलं, आता ही हाक मारणार. मी असते तर मारली असती, खोटं कशाला सांगू. कित्येक महिन्यांनी तो समोर होता, श्वास घेत होता, आणि फक्त एक शब्द बोलायचा होता.

"हा?" ती म्हणाली. आणि तिचा तो जुना, रस्त्यापलीकडे जाणारा आवाज परत आला. "हा कोण भिकारी? माझा मार्क्यान दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा उंच आहे! लाज नाही वाटत तुम्हाला, कुठलंही पोर उभं करून एका आईला छळता?"

"हनुवटीवर व्रण आहे की."

"व्रण! या मुलखात कुठल्या पोराच्या हनुवटीवर व्रण नाही ते दाखव. सगळी बर्फात आपटतात. माझा मुलगा असता तर मी ओळखला नसता का? नऊ महिने पोटात वागवलाय त्याला. हा माझा नाही. खोटी आशा दाखवू नका मला, देव बघतोय."

तेव्हा मार्क्यानने मान वर केली. एकदाच.

"माफ करा हं, काकू," तो म्हणाला. "तुमचा मुलगा सापडू दे."

"तुझ्या तोंडात साखर पडो, बाळा," ओरीस्या म्हणाली.

तो गणवेशातला माणूस काहीतरी शिवी हासडून हसला आणि पडदा काळा झाला. ओरीस्या तशीच उभी. मी दुकानाचं दार आतून लावलं. तिला धरलं तेव्हा कळलं, ती थरथरत नव्हती. लाकडासारखी ताठ झाली होती. म्हणाली, "बारीक झालाय. कान बघितलास? थंडी लागली की त्याचा कान लहानपणीही दुखायचा." मग म्हणाली, "मी त्याला भिकारी म्हटलं, युस्तिना." आणि मग जो हंबरडा तिने फोडला, तो बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी तिचं तोंड माझ्या छातीशी दाबून धरलं. जनरेटर चालू होता ते बरं.

लारिसाबाईंना तिने सांगितलं, पण मला सोबत घेऊन तालुक्याला जाऊन, दार लावून, दोघींचे फोन बाहेर ठेवून. त्या म्हणाल्या, बरोबर केलंत, आता युर्को नावाने चौकशी करू. पण युर्कोच्या नावाने रडणारं घर कुठेच नाही, आणि ज्याच्यासाठी कुणी रडत नाही त्याला यादीत मागतं कोण? हेही त्यांनीच सांगितलं. ओरीस्या परत आली ती बसमध्ये सगळ्या वाटेभर माझा हात धरून बसली होती.

आणि पोस्ट टाकणं थांबवता येईना. थांबवली तर त्यांना कळेल, तो तिचाच होता म्हणून. म्हणून रविवारी प्रार्थनेनंतर तिने पुन्हा तोच सुटाबुटातला फोटो टाकला, माझ्या मुलाला शोधायला मदत करा. गावाने पुन्हा मेणबत्त्या, बदाम, हात जोडलेले, सगळं टाकलं. त्याखाली एका बिनचेहऱ्याच्या खात्याने लिहिलं, "परवा दाखवला तो खरंच तुझा नव्हता ना, आई?"

गावभर कुजबुज. झेन्को तडक माझ्या दुकानात आला. ओरीस्या तिथेच होती, तिचा फोन चार्जिंगला होता. आजूबाजूला चार गिऱ्हाइकं.

"हे काय गं? कुणाला दाखवला? तुला कुणी काय दाखवलं?"

"एका पोराला दाखवला होता," ती म्हणाली. "आपला नव्हता." मग तिने फोन उचलला आणि सगळ्यांसमोर त्या बिनचेहऱ्याला उत्तर लिहिलं. एकेक अक्षर शोधून लिहीत होती. झेन्कोने खांद्यावरून वाकून ते मोठ्याने वाचलं.

"नाही. तो कुणा दुसरीचा होता. देव त्याच्या आईला बळ देवो."

झेन्कोने टोपी काढली. डोळे पुसले. "बिचारी," म्हणाला. "म्हणजे तिचा जिवंत आहे. तिला कुणीतरी कळवायला पाहिजे गं, ओरीस्या. ती बाई कुठेतरी आपल्यासारखी वेडी होत असेल."

ओरीस्याने फोन परत चार्जिंगला लावला.

"कळलंय तिला," ती म्हणाली. "तू घरी जा, चूल पेटव. मी येते."